नामंजूर फाइलींचं समाधान

दरवर्षी बारावीचे आणि बीकॉमचे निकाल लागले की नात्यातलं नाहीतर ओळखीतलं कोणीतरी फोन करतंच. सीए करू का, एमबीए फायनान्स करू का, बँकेच्या परीक्षा देऊ का, ते सीएफए का काय म्हणतात ते कसं असतं. पगाराचं सगळं विचारून होतं आणि मग जरा थांबून खरा प्रश्न येतो, "ताई, पण त्या कामात समाधान मिळतं का गं?" बाहेरून एक्सेल, टार्गेट आणि मार्चएंड एवढंच दिसतं त्यामुळे हा प्रश्न पडणारच, आणि फोनवर त्याचं उत्तर मला कधीच धड देता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहून काढतेय. लांबलंय, आधीच सांगते.

मिळतं. मला तरी मिळतंय. पण पॅकेज किती, पद कुठलं, ऑफिस कुठल्या टॉवरात, ह्यावर ते फारसं अवलंबून नसतं असं मी इतक्या वर्षांत बघितलंय. समोर आलेल्या कागदाला, प्रॉडक्टला, प्रस्तावाला तुम्हाला "नाही" म्हणता येतं का, आणि म्हटलंत तर ऑफिसात त्याला काही किंमत असते का, सगळं तिथेच ठरतं.

मी मूळची तासगावची. वडील प्राथमिक शिक्षक, घरातला पैशाचा व्यवहार म्हणजे पगार, पतसंस्थेचा हप्ता आणि पोस्टातलं आरडी. सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला, पुण्यात आले. (तेव्हा ती मोठी असायची, 2023 च्या नव्या स्कीमनंतर दोन वर्षांवर आली.) आर्टिकलचं काम म्हणजे व्हाउचर टिक करायची, बँक रिको करायचं म्हणजे वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं, आणि 31 मार्चला कुठल्यातरी गोडाऊनमध्ये उभं राहून स्टॉक मोजायचा. एका जुन्या क्लायंटचा स्टॉक वहीत होता त्यापेक्षा गोडाऊनमध्ये बराच कमी निघाला. बँकेला दाखवायचा होता म्हणून वहीत फुगवलेला. सर त्यांना एवढंच म्हणाले, मुलांनी मोजली तेवढीच पोती मी लिहिणार. आवाज चढवला नाही, भाषण दिलं नाही. क्लायंट दुसऱ्या सीएकडे गेला, मोठी फी गेली, त्या दिवाळीला ऑफिसात सगळ्यांनाच जरा कमी मिळालं. पण सीए म्हणजे सही, आणि सही करायचं नाकारता येतं म्हणूनच तिला किंमत आहे हे मला तेव्हा कळलं, पुस्तकातून कळलं नव्हतं.

पुढे मुंबईत, बीकेसीतल्या एका खासगी बँकेत वेल्थ मॅनेजमेंटला लागले. पगार चांगला होता आणि चांगला पगार ही छोटी गोष्ट नाही, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग त्यातूनच झालं, त्यामुळे "पैशात काय ठेवलंय" असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते दिवस आठवा. 1 ऑगस्ट 2009 पासून सेबीने, म्हणजे शेअरबाजाराच्या नियामकाने, म्युच्युअल फंडावरचा एन्ट्री लोड बंद केला, म्हणजे फंड विकून गुंतवणूकदाराच्याच पैशातून जे कमिशन कापलं जायचं ते थांबलं. लगेच सगळ्या बाजाराचं तोंड युलिपकडे (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) वळलं कारण तिथे पहिल्या वर्षाचं कमिशन तगडं. 2010 च्या एप्रिलमध्ये तर ह्या युलिपवर ताबा कुणाचा ह्यावरून सेबी आणि विमा नियामक इर्डा उघडउघड भांडले, आणि शेवटी 1 सप्टेंबर 2010 पासून इर्डाने लॉक-इन तीनाचा पाच वर्षं केला, चार्जेसवर मर्यादा आणली. ह्या सगळ्या काळात आम्ही रिलेशनशिप मॅनेजर लोक काचेच्या केबिनमध्ये बसून रिटायर्ड माणसांशी बोलत होतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन आलेले नवरा-बायको, डोळ्यांत जरा भीती, जरा अभिमान. त्यांना लागणार दरमहा व्याज आणि अडीनडीला हाताशी रक्कम, आणि ऑफिसला विकायचा त्यांच्या वयाला न शोभणारा विमा. मी एफडी आणि पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम सांगायचे. संध्याकाळी रिव्ह्यूत विचारायचे, आज किती लॉगिन, म्हणजे किती अर्ज भरून घेतले. त्या शीटमध्ये किती विकलं ह्याचा कॉलम होता, किती जणांना चुकीचं घेण्यापासून थांबवलं ह्याचा कॉलमच नव्हता. अप्रेझलला शेरा आला, ॲग्रेसिव्ह नाही.

मी ती नोकरी सोडली तेव्हा आईला काळजी वाटली. वडिलांनी मात्र चिंतामणराव देशमुखांची गोष्ट काढली, ती ते वर्गातही सांगायचे. महाडजवळच्या नाते गावचा माणूस, 1943 ला रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचा अर्थमंत्री, आणि 1956 ला मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं चाललेलं पाहून मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळा. वडिलांना म्हणायचं होतं की पैशाच्या कामात माणसाला ताठ राहता येतं, राहिलेली माणसं आहेत. मला त्या दिवशी त्याचा फार आधार वाटला.

आता मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या शाखेत क्रेडिट बघते, म्हणजे कर्ज द्यावं की नाही हे तपासते. हे काम मला मनापासून आवडतं आणि ह्याच्याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते, घरचे साक्षीदार आहेत.

माणूस कर्ज मागायला येतो तेव्हा त्याच्या हातात कन्सल्टंटने बनवलेला सीएमए डेटा असतो, म्हणजे धंद्याच्या मागच्या-पुढच्या आकड्यांचा तक्ता. त्यात पुढची पाच वर्षं विक्री दरवर्षी वाढतच जाणार असते, कुठल्याच वर्षी मंदी नाही, कुठल्याच वर्षी मोठी ऑर्डर रद्द होत नाही. तो कागद मी वाचते, पण माझा भरवसा लाइटबिलावर. मशीन चालल्याशिवाय मीटर फिरत नाही, त्यामुळे जीएसटी रिटर्नमधली विक्री वाढतेय आणि लाइटबिल तिथल्या तिथे, असं असेल तर एकतर माल बाहेरून करून घेतलाय नाहीतर नुसतीच बिलं फिरतायत, आणि दोन्हीचं उत्तर मला हवं असतं. मग गाळ्यावर जायचं. बर (मशीनवर कापलेल्या धातूचा चुरा) किती पडलीय, जॉबकार्ड (कामाच्या नोंदी) भरलेत का, सेकंड शिफ्टला खरंच माणसं येतात का, रिजेक्शनचा डबा किती भरलाय. मालक ऑफिसात बोलतो वेगळं आणि मशीनजवळ उभा राहिला की बोलतो वेगळं, तिथे तो फुशारकी मारत नाही कारण शेजारी त्याचाच ऑपरेटर ऐकत असतो. मग येणी बघायची, कुणाकडून किती पैसे यायचेत. ह्या लोकांचा जीव अडकलेला असतो तो मोठ्या कंपनीकडच्या पेमेंटमध्ये, माल जातो आज आणि पैसे येतात नव्वद-शंभर दिवसांनी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत केलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही असा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला, चांगला नियम आहे, पण तक्रार करणाऱ्या व्हेंडरला पुढची ऑर्डर मिळेल का ही भीती कायद्याने जात नाही. सगळं बघून झालं की ह्या माणसाला कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, किती झेपेल, हप्ता किती झेपेल, हे मी लिहिते.

आणि कधीकधी लिहिते, शिफारस नाही.

एक उद्योजक होते, बरीच वर्षं कंपनीत टर्नर, मग स्वतःचा गाळा, मग एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन. कष्टाळू, हिशोब चोख, हप्ता एकदाही चुकलेला नाही. दुसरी व्हीएमसी घ्यायला आले. कंपनीच्या परचेसवाल्याने सांगितलं होतं, घ्या मशीन, काम मी देतो. मी बघितलं तर जवळजवळ सगळी विक्री त्या एकाच कंपनीला, वाढीव कामाचं शेड्यूल लेखी काहीच नाही आणि मार्जिनचे, म्हणजे स्वतःच्या वाट्याचे, पैसेही मेहुण्याकडून हातउसने. मी नामंजुरीची शिफारस केली आणि ही तीन कारणं त्यांना समोर बसवून मराठीत, एकेक आकडा दाखवून सांगितली. ते चिडले. म्हणाले, मॅडम तुम्ही कधी मशीनवर उभ्या राहिलात का? मी म्हटलं नाही राहिले, म्हणूनच तर कागद मागतेय. काही महिन्यांनी ते परत आले ते दुसऱ्या एका कंपनीचं लेखी शेड्यूल घेऊन, आणि ह्या वेळी नवी नाही, सेकंडहँड मशीन मागत होते, स्वतःच्या शिलकीतून मार्जिन टाकून. मी त्याच दिवशी फाइल वर पाठवली. ते खातं आजही स्टँडर्ड आहे, म्हणजे थकलेलं नाही.

पण सगळ्यांचं असं होत नाही. असाच नामंजूर झालेला दुसरा एकजण चढ्या व्याजाने एनबीएफसीकडून (बँक नसलेल्या कर्ज कंपनीकडून) मशीन घेऊन मोकळा झाला, आणि त्याचं पुढे काय झालं हे मला कळायला मार्गच नाही. ह्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्यांना सांगूनही कळत नाही. मंजूर केलेल्या कर्जाला खाते नंबर असतो, ते रोज स्क्रीनवर दिसतं, फळलं तर उद्घाटनाचे पेढे येतात, आणि हप्ता थकला की 30 दिवसांनी एसएमए-1, 60 ला एसएमए-2 अशा धोक्याच्या खुणा आणि 90 दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, सगळं डोळ्यांसमोर. नाकारलेल्या कर्जाला नंबरच नसतो. एखादं घर गहाण पडायचं वाचलं असेल तर त्याची नोंद कुठेच नाही, त्या घरातल्यांनाही माहीत नाही की वाचलं, उलट त्यांच्या लेखी मी वाईटच. त्यामुळे फायनान्समध्ये समाधान हवं असेल तर कुणी शाबासकी देणार नाही हे धरूनच चालावं लागतं, आणि रात्री झोपताना आपलं काम आपल्यालाच तपासता आलं पाहिजे. मला हे जमतं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ज्यांना लगेच निकाल दिसल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी ह्या बाजूला येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कोणी म्हणेल की मग सगळ्यांनाच नाही म्हणत बसा, सोपंय. तेही बघितलंय. कर्ज बुडालं तर ऑफिसरला चौकशीला सामोरं जावं लागतं, न दिलेल्या कर्जाबद्दल कोणीच कधी विचारत नाही, म्हणून काही लोक घाबरून सगळंच नाकारतात, आणि कारण विचारलं की "सिस्टीम घेत नाही" नाहीतर "वरून आलं नाही". समोरचा माणूस बिचारा चार चकरा मारून सावकाराकडे जातो. 1951-52 साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली होती, त्यात शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला 3.1 टक्के आणि व्यापारी बँकांचा 0.9 टक्के, एक टक्कासुद्धा नाही. सावकारांचा मिळून सत्तरीच्या आसपास. म्हणजे बँका तेव्हा अख्ख्या खेड्यांना नाहीच म्हणत होत्या, तेही न बोलता. 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्यामागे हेही एक कारण होतं. असल्या नकारातून कुणालाच काही मिळत नाही, तो देणाऱ्यालासुद्धा समाधान मिळत नाही, मी अशा लोकांच्या शेजारी बसलेय, ती माणसं दिवसभर फक्त घड्याळ बघतात.

कारण दिलं की काय होतं ह्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण साताऱ्यातल्या म्हसवडचं आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक म्हणून अंगठे उठवलेल्या बायका होत्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कारण सांगितलं होतं, आणि ते दूर करता येण्यासारखं होतं. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, वाचता येत नव्हतं पण व्याज आम्हाला तोंडी काढता येतं, रक्कम सांगा. 1997 ला माणदेशी महिला बँक सुरू झाली. मला ह्या गोष्टीत दोन्ही बाजू आवडतात. बायकांची जिद्द तर आहेच, पण तो पहिला नकारही तसा सरळच होता, कुठल्या पायरीवर अडलंय ते त्यांना कळलं होतं.

आणि जिथे कोणीच नाही म्हणत नाही तिथे काय होतं तेही मुंबईने बघितलंय. पीएमसी ह्या सहकारी बँकेच्या एकूण कर्जातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर समूहाकडे होतं आणि ते लपवायला एकवीस हजारांच्या वर बनावट खाती दाखवली होती. ही खाती काही आपोआप तयार होत नाहीत. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले आणि सुरुवातीला एका खात्यातून फक्त हजार रुपये काढायला परवानगी होती, लोकांच्या घरातली लग्नं, औषधं, फिया अडकल्या. पुढच्या फेब्रुवारीत ठेवींचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. मला तेव्हापासून एकच वाटत आलंय, त्या हजारो नोंदी करणाऱ्यांपैकी, तपासणाऱ्यांपैकी कुणा एकाला जरी आपण नाही म्हटलं तर आपल्या पाठीशी कोणीतरी उभं राहील अशी खात्री असती तर.

माझा एक मित्र दुसऱ्या टोकाला आहे, शेअरबाजारातल्या ऑप्शन्समध्ये अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम, चालवणाऱ्या फर्ममध्ये. अतिशय हुशार, गणितात रमणारा, आणि त्याला काम प्रचंड आवडतं, ते खोटं नाही, कोडं सुटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. तो म्हणतो आमच्यासमोर माणूस नसतो, ऑर्डर बुक असते, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी. मला तिथेच अडकायला होतं. सेबीने 2024 च्या सप्टेंबरमध्ये जो अभ्यास छापला त्यात 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के लोक तोट्यात होते, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर, आणि फायदा मोठ्या प्रमाणात अल्गोवाल्या, स्वतःच्याच पैशाने सौदे करणाऱ्या प्रोप्रायटरी फर्मांना आणि परदेशी फंडांना. ते 93 टक्के मला दिसतात, आमच्या तासगावात बेदाण्याच्या गाड्यांवरची पोरं मोबाइलवर वीकली एक्स्पायरी, म्हणजे आठवड्याला संपणाऱ्या ऑप्शन्सचे सौदे, खेळतात. सेबीने नंतर काँट्रॅक्टचा आकार वाढवला, प्रत्येक एक्स्चेंजला एकाच इंडेक्सची वीकली एक्स्पायरी ठेवली, म्हणजे शेवटी नाही म्हणायचं काम रेग्युलेटरवर आलं. मित्राला मी दोष देत नाही, नियमांत राहून खेळतोय. पण मला त्या खुर्चीत झोप लागली नसती.

पुण्याच्या खराडीतल्या मोठमोठ्या विदेशी बँकांच्या बॅकऑफिसचं वेगळंच. पगार बरा, शनिवार-रविवार सुट्टी, पण निर्णय सगळा सातासमुद्रापार. 19 मार्च 2023 ला, रविवारी, क्रेडिट स्विस ही बँक यूबीएस ही दुसरी स्विस बँक घेणार असं जाहीर झालं तेव्हा पुण्यात बसून वर्षानुवर्षं तिचं काम करणाऱ्यांना ते इतर जगासारखंच बातम्यांतून कळलं. त्यातल्या काहींना कामात गोडी आहे, बहुतेकांना घरी वेळेवर जाता येतं ह्यात आहे, आणि लहान मुलं असताना ह्याला कमी लेखू नये.

आमच्या बँकिंगमध्ये सगळं छान चाललंय असंही नाही हं. कर्जाबरोबर विमा खपवायचं टार्गेट आमच्याकडेही येतं, स्टाफ कमी, बदल्या, मार्चमध्ये रात्री दहाला घरी. ह्या गोष्टी समाधान खातात, रोज थोडंथोडं. मी कर्जाच्या कागदांवर सही घेताना अजून एक गोष्ट सोडलेली नाही, व्याजाचा दर, दंड, कोणती वस्तू तारण, हे सगळं मराठीत वाचून दाखवते, मागे कितीही रांग असली तरी. ह्याला कारण आहे. 1875 च्या जुलैमध्ये मुंबईत शेअर दलालांची संघटना स्थापन झाली, आजचा बीएसई. त्याच्या दोनच महिने आधी, 12 मे 1875 ला, पुण्याच्या पूर्वेला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली आणि कर्जाची खतं जाळली, आणि ते लोण आसपासच्या गावांत पसरलं. त्यांचा राग मुख्यतः कागदांवर होता, वाचता न येणाऱ्या, अंगठा घेतलेल्या कागदांवर. ही दोन्ही आमच्याच धंद्याची घराणी आहेत असं मी मानते, आणि समोरच्याला कागद कळला की नाही हे बघणं माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मानते. वाचून दाखवल्यावर एखादा म्हणतो, मॅडम एवढं नको, कमीच द्या. त्या दिवशी मला फार बरं वाटतं. त्याने स्वतःच नाही म्हटलेलं असतं.

तर फोन करणाऱ्या मुलांना मी आता एवढंच सांगते की इंटरव्ह्यूच्या शेवटी विचारतात ना, तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा गप्प बसू नका. विचारा की गेल्या वर्षी इथे किती प्रस्ताव नाकारले, ज्याने नाकारले त्याचं अप्रेझल कसं झालं, आणि ग्राहकाला कारण कोण सांगतं. उत्तर टाळलं तर टेबलवरचा आकडा कितीही मोठा असो, जरा विचार करा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने खरंच विचारलं, आणि पॅनेलवरच्या एका साहेबांनी तिला स्वतः नाकारलेल्या फाइलींबद्दल बराच वेळ सांगितलं. ती तिथेच लागली, आता विदर्भात पोस्टिंग आहे. परवा तिचा फोन आला, करिअरबद्दल नाही, डाळमिलचा हंगामात स्टॉक एवढा फुगतो आणि नंतर एवढा उतरतो तर वर्षभराची कर्जाची लिमिट कुठल्या महिन्यावर बेतायची, म्हणून. त्यावर आम्ही तासभर बोललो.